आमच्यापेक्षा स्वस्त देश कुठला?

गेल्या दिवाळीत माझ्या एका शाळासोबतिणीचा अमेरिकेहून फोन आला. १९८६ साली लग्न करून ती तिकडं गेली. आता मुलं मोठी झाली, आपापल्या गावी पांगली. नवरा येत्या वर्षात निवृत्त होतोय. म्हणाली, "आम्ही पुण्यात येऊन राहायचं ठरवतोय. म्हणजे, ह्यांनी ठरवलंय. इथं म्हातारपण परवडत नाही गं. तेवढ्याच पैशांत पुण्यात राजासारखं राहता येईल. स्वयंपाकाला बाई, वरकामाला बाई, आणि पुढं अंथरुणाला खिळलो तर चोवीस तासांची बाई. तुझं काय मत? तू तर बायकांमध्येच काम करतेस."

एका दमात तीन बायका आल्या. तिघींनाही नाव नव्हतं. आणि जी बोलत होती, त्या चौथीचं स्वतःचं मत काय, हे तर तिनं सांगितलंच नाही. "ह्यांनी ठरवलंय" एवढंच सांगितलं.

माझं मत फोनवर दोन मिनिटांत सांगण्याजोगं नव्हतं. म्हणून हा लेख. तो तिच्यासाठी आहे, आणि आपल्या सगळ्यांसाठीही. कारण अशी जोडपी आज पुण्यात, नाशकात, ठाण्यात कितीतरी येताहेत. बिल्डर त्यांच्यासाठी खास जाहिराती करतात. आपल्या संघटनांनी मात्र या प्रश्नाकडं अजून नीट पाहिलेलंच नाही.

आधी एक गोष्ट मान्य करते. मैत्रिणीची भीती खोटी नाही. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये राहायचं तर वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही जास्त खर्च येतो. पासष्टीनंतर तिथल्या सरकारचा मेडिकेअर नावाचा विमा मिळतो, पण तो डॉक्टर आणि इस्पितळासाठी. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं अशी वर्षानुवर्षांची सुश्रूषा त्यात बसत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशानं म्हाताऱ्या माणसांची काळजी बाजारावर सोडून दिली आहे. त्या बाजाराला घाबरून माणसं पळ काढतात, यात त्यांचा दोष नाही.

पण पळून येतात ती कुठं? आणि इथं त्यांना नेमकं काय स्वस्त मिळतं?

स्वस्त काय आहे?

चला, हिशेब मांडू. पुण्यात फ्लॅट स्वस्त आहे का? विचारून पाहा. पेट्रोल तर इथं अमेरिकेपेक्षा महाग पडतं. चांगल्या इस्पितळाचं बिल आपल्यासारख्यांना घाम फोडतं. मग "राजासारखं" राहता येतं ते कशाच्या जोरावर? माणसाच्या श्रमाच्या. आणि घराच्या चार भिंतींच्या आतलं श्रम म्हणजे जवळजवळ सगळं बाईचं श्रम.

आमच्या बैठकीला एक मावशी येतात. रुग्णसेवेचं काम करतात, ब्यूरोमार्फत. बारा तासांची पाळी. घरचे लोक ब्यूरोला महिन्याला बावीस हजार देतात, मावशींच्या हातात पंधरा हजार येतात. सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे कापले जातात. तीसही दिवस भरले तर ३६० तास होतात. म्हणजे तासाला साधारण ४१ रुपये. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. तिथले कामगार ते फार कमी म्हणून ओरडताहेत, आणि बरोबरच ओरडताहेत. पण ९० रुपयांच्या भावानं त्याचे साडेसहाशे रुपये होतात. तिथला सर्वांत कमी पगाराचा एक तास म्हणजे इथल्या मावशीचे पंधरा तास. "स्वस्त देश" या शब्दाच्या पोटात हे पंधरा तास दडलेले आहेत.

आणि हा फरक आपोआप वाढत जातो. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा डॉलर पंचवीस-सव्वीस रुपयांवर गेला. डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली. रुपया घसरला की डॉलरमधली पेन्शन इथं आल्यावर आपोआप फुगते. मावशीचा पगार मात्र आपोआप कधीच वाढत नाही. शंभर-दोनशे रुपये वाढवून घ्यायला तिला वर्षभर धीर गोळा करावा लागतो, आणि "परवडत नसेल तर दुसरी बघतो" हे ऐकून घ्यावं लागतं.

मैत्रिणीचा प्रश्न मी आमच्या वस्तीतल्या बैठकीत मांडला. म्हटलं, अमेरिकेतली म्हातारी माणसं इथं राहायला यायचं म्हणताहेत, कारण आपला देश स्वस्त आहे. बायका आधी हसल्या. मग या मावशी म्हणाल्या, "ताई, त्यांना तिकडं परवडंना म्हणून ते हिकडं येणार. मला हिकडं परवडंना, तर मी कुठं जाऊ? आमच्यापेक्षा स्वस्त देश कुठला हाय का, तेवढं सांगा."

बैठक गप्प झाली. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मावशींचं म्हातारपण

मावशींचं कुटुंब १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलं. त्या तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या. आईनं खडी फोडली, मग धुणीभांडी केली. मावशींनी दहाव्या वर्षापासून तेच केलं. गावाकडं चार एकर जमीन होती. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केला, २००५ मध्ये तो देशभर झाला. पण वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं आणि मावशींनी अंगठा दिला. "माहेर तुटलं असतं ताई." म्हणजे म्हातारपणी जाण्यासारखं एक स्वस्त ठिकाण त्यांनाही होतं. ते त्यांनी माहेरच्या साडीचोळीवर सोडून दिलं.

आता साठी जवळ आली. गुडघे दुखतात. अंथरुणातल्या माणसाला उचलायचं काम आणखी किती वर्षं होणार? पुढं काय? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. तो काही आभाळातून पडला नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, आणि तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठं तो मिळाला. पण त्या कायद्यात पगाराचा दर नाही. नोंदणी वयाच्या साठीपर्यंतच. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत बाईला सन्मानधन म्हणून दहा हजार रुपये मिळतात, तेही एकदाच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या कामाचा हा सन्मान!

पासष्टीनंतर निराधार ठरली तर श्रावणबाळ योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये. २०२३ पर्यंत ते हजारच होते. नाव पाहा, श्रावणबाळ! ज्या बाईनं दुसऱ्यांच्या आईबापांची कावड आयुष्यभर खांद्यावर वाहिली, तिच्या कावडीला सरकारचा खांदा दीड हजाराचा. आणि ज्या मुलांचे आईबाप इथं परत येताहेत, त्या परदेशातल्या श्रावणबाळांच्या वाटची कावड कोण वाहणार? हीच बाई.

ही गोष्ट एकट्या पुण्याची नाही

श्रीमंत देशांतली माणसं म्हातारपणी गरीब देशांत जाऊन राहतात, हा आज जगभरचा व्यवहार आहे. अमेरिकन मेक्सिकोत जातात, जपानी मलेशिया-थायलंडमध्ये. थायलंड पन्नाशीपुढच्या परदेशी माणसाला निवृत्तीचा व्हिसा देतं, त्यासाठी बँकेत आठ लाख बाट दाखवावे लागतात. मलेशियानं २००२ मध्ये "माझं दुसरं घर" अशा अर्थाच्या नावानं योजनाच काढली. फिलिपीन्समध्ये यासाठी १९८५ पासून स्वतंत्र सरकारी खातं आहे. त्याच फिलिपीन्सच्या लाखो बायका नर्स म्हणून, मोलकरीण म्हणून परदेशी जातात. स्वतःची म्हातारी आई गावी ठेवून परक्याच्या म्हाताऱ्या आईची सेवा करतात. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी २००० साली याला काळजीची जागतिक साखळी म्हटलं. साखळीच्या एका टोकाला बाई आहे आणि दुसऱ्या टोकालाही बाईच आहे. मधला पैसा मात्र बाईचा नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यातही हेच दिसतं. ब्रिटिश पेन्शनर गोव्यात राहिले, कारण पौंडाला तिथं किंमत होती. त्यांचीही एक फसगत आहे. ब्रिटनचं सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळतं, पण ते दरवर्षी वाढत नाही, पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच गोठून राहतं. स्वस्ताईच्या भरवशावर आलेला माणूस महागाई वाढली की अडकतो. आणि बाहेरच्या पैशानं घरांच्या किमती चढल्या की गावातल्या माणसालाच गावात घर परवडत नाही. यात दिल्ली-मुंबईचा पैसाही आला बरं का, एकट्या गोऱ्यांना दोष द्यायचं कारण नाही.

पण त्याच फिलिपीन्सकडून एक शिकण्यासारखं आहे. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८९, जून २०११ मध्ये जिनिव्हात झाला. भारतानं बाजूनं मत दिलं, टाळ्या वाजवल्या, आणि आजतागायत त्याला मान्यता दिलेली नाही. फिलिपीन्सनं २०१२ मध्ये मान्यता दिली आणि २०१३ मध्ये कायदा केला. त्यात किमान वेतन आहे, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी आहे, वर्षाला तेरावा पगार आहे, सामाजिक विम्याची नोंदणी आहे. कायदा केला म्हणून सगळं सुधारलं असं नव्हे. पण बाईच्या हातात बोट दाखवायला कागद तरी आला. तरीही परदेशी पेन्शनर तिथं जायचे थांबले नाहीत. म्हणजे "पगार वाढवले तर कुणी येणार नाही" ही ओरड खोटी आहे.

आपल्याकडं काय? कर्नाटकानं २००४ मध्ये घरकामाला किमान वेतन ठरवलं. पुढं केरळ, राजस्थान अशी राज्यं आली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करता येईल का हे पाहायला समिती नेमा. म्हणजे १९८० च्या संपानंतर पंचेचाळीस वर्षांनीही प्रश्न "पाहण्याचा"च राहिला.

"आम्ही रोजगार देतो"

हे वाचून मैत्रिणीचा नवरा काय म्हणेल ते मला माहीत आहे. "आम्ही आलो नाही तर तुमच्या मावशीला तेवढंही मिळणार नाही. आम्ही रोजगार देतो." हे वाक्य आपण गिरणीमालकांच्या तोंडून ऐकलं, बागाईतदारांच्या तोंडून ऐकलं. रोजगार देता म्हणून दर तुम्हीच ठरवणार, हे कुठल्या न्यायात बसतं? आणि तिकडं याच गृहस्थांनी चाळीस वर्षं आठवड्याला चाळीस तास काम केलं, पगारी रजा घेतली, पेन्शनला पैसे कापून घेतले. ते सगळं त्यांना कामगाराचा हक्क वाटलं. विमानातून उतरल्यावर तोच हक्क बाईनं मागितला की "माजल्या आहेत हल्ली" हे कसं?

दुसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेते. तू कुठं वेगळी आहेस? माझ्याही घरी वीस वर्षं एक बाई येते. ती भांडी घासते म्हणून मी मोर्चाला वेळेवर पोचते. तिचा पगार मी आसपासचा दर बघूनच ठरवला होता. आठवड्याची सुट्टी द्यायला लागले ती संघटनेत आल्यावर. चळवळीतल्या आपल्या कितीजणींनी घरातल्या बाईशी लेखी बोलणी केली आहेत? तेव्हा बोट दाखवताना चार बोटं आपल्याकडं आहेत, हे विसरून चालणार नाही. स्वस्ताई अमेरिकेच्या मैत्रिणीनं निर्माण केली नाही. ती आपण सगळ्यांनी जपून ठेवली आहे. ती फक्त तिच्यावर म्हातारपण बेतते आहे.

आणि तू?

आता मैत्रिणीशी थेट बोलते.

"ह्यांनी ठरवलंय" म्हणालीस. हिशेबाचे कागद त्यांनी केले. त्या कागदांत तू कुठं आहेस? तू गेलीस ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नव्हती. तशा बायकांपैकी काहींना ती २०१५ मध्ये मिळाली, तोवर तुझी उमेद संपली होती. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत तू घरी शेजारणींची मुलं सांभाळलीस, हातावर पैसे घेतलेस. ते श्रम कुठल्याच खात्यात जमा नाहीत. तिथलं स्वतःचं सरकारी पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचं नोंदलेलं काम लागतं. ते नसेल तर बायको म्हणून मिळतं, नवऱ्याच्या फार तर निम्मं. तू दोन घरं चालवलीस, तिकडचं आणि सासूबाईंच्या आजारपणात इकडचंही. तरी कागदावर तू कुणाची तरी निम्मी आहेस. मावशीला ब्यूरो कापतं, तुला व्यवस्थेनं कापलं. दोघींचं दुखणं सारखं नाही हे मला कळतं. तुझ्या डोक्यावर छप्पर आहे, तिच्या नाही. पण मूळ एकच आहे. घरातलं काम हे काम नाहीच, असं ठरवलं की ते करणारीला फुकट नाहीतर स्वस्तात राबवता येतं.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घे. तू ज्या कॅलिफोर्नियात राहतेस, तिथं लग्नानंतर मिळवलेली मिळकत कायद्यानं दोघांची असते. अमेरिकेच्या नऊ राज्यांत असं आहे. आपल्या गोव्यातही, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. महाराष्ट्रात असा कायदा नाही. इथं ज्याच्या नावानं खरेदीखत, त्याचं घर. तिकडचं घर विकून इकडं फ्लॅट घेताना कागदावर एकच नाव आलं, तर समुद्र ओलांडताना तुझं अर्धं घर पाण्यात पडलं असं समज. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ह्यांना हिशेबाची आवड आहे ना? मग हा हिशेबही त्यांच्यापुढं ठेव.

मेडिकेअर भारतात चालत नाही. त्याचा डॉक्टरांचा भाग सोडून दिलास आणि पुढं परत जावं लागलं, तर उशिराच्या प्रत्येक वर्षाला दहा टक्के जादा हप्ता कायमचा बसतो. परतीचं दार बंद करायचं की किलकिलं ठेवायचं, हे तुझ्याशी बोलूनच ठरायला हवं.

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न. नवरा तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बायका सहसा पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये शेवटची आठ-दहा वर्षं बहुधा तू एकटी असशील. निर्णय ह्यांच्या सत्तरीचा चाललाय, जगायचं आहे तुझ्या ऐंशीला. तेव्हा तुझ्या ओळखीचं कोण असेल? बँकेचं खातं तुला चालवता येईल? ह्यांना उचलायला चोवीस तासांची बाई ठेवशील, पण ती रजेवर गेली की उचलणार कोण? तूच. मग तू पडलीस की?

ये म्हणत नाही, नको येऊस असंही म्हणत नाही. माझी मैत्रीण चार पेठांच्या अंतरावर आली तर मला आनंदच होईल. पण स्वस्त म्हणून येऊ नकोस. घरी यायचं म्हणून ये. आणि येताना काही गोष्टी ठरवून ये.

घर तुझ्या नावावर, निदान दोघांच्या. बँकेत तुझं स्वतःचं खातं, आणि त्यात तुझे पैसे. तू एकटी राहिलीस तर काय, याचा कागद ह्यांच्याबरोबर बसून आत्ताच लिही. कामाला बाई ठेवशील तिच्याशी लेखी बोलणी कर. आठ तासांचं काम, आठवड्याला सुट्टी, आजारपणाची पगारी रजा, दर वर्षाला ठरलेली वाढ. ब्यूरोकडून घेतलीस तर तिच्या हातात किती पडतात ते तिलाच विचार. मंडळात तिची नोंद करून दे. आणि दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार तिच्या म्हातारपणासाठी वेगळा काढ. कारखान्यातल्या कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते ती याच मापानं. तुझ्या डॉलरला हे जड नाही.

संघटनांनी तरी किती दिवस घरोघरी असं सांगत फिरायचं? चांगल्या मालकिणीच्या मर्जीवर हक्क उभे राहत नाहीत. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. घरकामाला आणि रुग्णसेवेला महाराष्ट्रात किमान वेतन ठरलं पाहिजे. ब्यूरोंची नोंदणी आणि त्यांच्या कमिशनला मर्यादा हवी. साठीनंतर मंडळाचं दार बंद न होता तिथून पेन्शन सुरू झालं पाहिजे. भारतानं करार १८९ ला मान्यता दिली पाहिजे. आणि लग्नानंतरच्या मिळकतीत बायकोचा अर्धा हक्क कायद्यात आला पाहिजे, मग ती अमेरिकेतून आलेली असो नाहीतर मराठवाड्यातून.

पुढच्या बैठकीत मावशी पुन्हा विचारतील, कुठला देश सापडला का म्हणून. त्यांना सांगायचं आहे, मावशी, तसा देश नाही. असला तरी तिथंही तुमच्यासारखीच कुणीतरी बाई असेल, आणि तिच्याही खांद्यावर कुणाची तरी कावड असेल. आपल्याला जाण्यासारखी दुसरी जागा नाही. म्हणून ही जागाच अशी करावी लागेल की तुम्हाला इथं म्हातारं होता येईल.

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत, सोसायटीत, तुमच्या स्वतःच्या घरात हा हिशेब कसा बसतो? मांडून पाहा, आणि आम्हाला कळवा.